अक्षरांचे डबे कुलपात नकोत

संपादक महोदय,

आमची बालवाडी १० बाय १२ च्या खोलीत भरते, मुलं २२. अक्षरं शिकायचं साहित्य मात्र कपाटात कुलूपबंद, का तर मुलं ते हरवतील! यंदा मी ते बाहेर काढलं. खिडकीखाली, मुलांचा हात पोचेल अशी फळी ठोकून घेतली. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत चिंचोके, शंख, पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरं. प्रत्येक डब्यावर चित्र, त्यामुळे आवरायलाही मुलंच धावतात. चित्रांची पुस्तकं दोरीला चिमट्यांनी टांगली. दोन महिन्यांत हरवले ते चार चिंचोके. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आपल्याच जिल्ह्यातल्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तीही परिसरातल्या वस्तू हाताशी घेऊनच. रोज हाताळलं की साहित्य झिजणारच; तपासणीत ‘साहित्य जुनं दिसतं’ असा शेरा देण्याऐवजी झिजलेलं बदलून मिळावं.

— एक बालवाडी शिक्षिका, पालघर जिल्हा