स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या क्विरँग डोंगरावर माझ्यासोबत आलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा जुना कॅमेरा नुसता पडून होता. तुम्ही तो तुमच्या टेबलावर उघडलात. सेन्सरसमोर अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारे) किरण अडवणारी काच असते, ती काढलीत आणि त्या जागी मुख्यतः अवरक्त प्रकाशच आत सोडणारा 720 नॅनोमीटरचा फिल्टर बसवलात. "फ्लॅशच्या कपॅसिटरजवळ बोट नेऊ नकोस, बॅटरी काढली तरी झटका बसतो," असं मला बजावत, एकेक बारीक स्क्रू कागदावर क्रमाने मांडत. साध्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर असा फिल्टर लावला, तर एका फोटोला कितीतरी सेकंद लागतात. स्काय बेटावरच्या वाऱ्यात तेवढ्या वेळात गवताचा नुसता धूर झाला असता. आता मी हातात कॅमेरा धरून फोटो काढू शकते, ते तुमच्यामुळे.

आणि मग तुम्ही क्विरँगलाही आलात! गुडघे दुखत असताना, जवळपास सात किलोमीटरची ती वाट. कड्याखालच्या घसरड्या पायवाटेवर तुम्ही पुढे होतात आणि कॅमेरा मला पिशवीतच ठेवायला लावलात. चालायचं तेव्हा फक्त चालायचं. खालच्या ठिसूळ थरांना वरच्या बेसॉल्टचं ओझं पेललं नाही आणि डोंगराची अख्खी कडाच कोसळली, त्यातून हे सुळके उभे राहिले, हे तुम्ही तिथेच समजावलंत. जमीन अजूनही सरकते, खालचा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. तो काळा दगड पाहून मला सह्याद्री आठवला. दोन्हीकडचा लाव्हा साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

ढग आले तेव्हा मी परत फिरायचं म्हणत होते. तुम्ही थर्मास उघडून बसलात. ऊन नसेल तर गवत उजळत नाही, थांबू, म्हणालात. भर दुपारी ऊन पडलं. पायाजवळच्या गवतावर कॅमेरा रोखून व्हाइट बॅलन्स घ्यायला, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला सांगायला, लावलात आणि स्क्रीनवरचा लालभडक रंग गेला. हरितद्रव्य अवरक्त प्रकाश शोषत नाही, पानाच्या आतल्या पेशी तो उधळून परत पाठवतात, म्हणून हिरवं गवत पांढरं दिसतं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी 1910 मध्ये असे फोटो लोकांपुढे आणले, तेही तुमच्याकडूनच कळलं. पण कड्यांच्या मधोमध लपलेलं ते 'टेबल', पांढरंशुभ्र सपाट पठार, भोवती काळे सुळके आणि वर जवळपास काळं आकाश, हे स्क्रीनवर पाहिलं तेव्हा मला बोलताच येईना.

कुठलाही मोबदला न घेता तुम्ही इतका वेळ दिलात. त्या टेबलाच्या फोटोची मोठी प्रिंट काढली आहे, रविवारी घेऊन येते. काकूंना माझा नमस्कार सांगा, आणि गुडघ्यांना शेक घेताय ना?

तुमची,
पुतणीसारखी विद्यार्थिनी