सत्तर वर्षे गाळलेली आशा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील ‘आजचे वचन’ या चौकटीत बायबलमधील संदेष्टा यिर्मया याच्या ग्रंथाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन वाचले. परमेश्वराचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय आहे. नव्या वर्षाच्या कॅलेंडरांवर आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांतही हेच वचन हमखास भेटते. मात्र त्याच्या लगेच आधीच्या वचनात, बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर हे होईल, असे स्पष्ट लिहिले आहे. ते सहसा कोणी छापत नाही.

हा मजकूर मुळात एका पत्रातला आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा, राजमाता, सरदार आणि कारागीर यांना यरुशलेमेहून बाबेलला नेले. त्या बंदिवानांना यिर्मयाने कळवले की घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पत्र वाचणाऱ्या बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता, हे त्यातून उघडच होते. त्याच सुमारास हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा, दोन वर्षांत सारे परत येतील, असे मंदिरात सांगत होता आणि बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू त्याने सर्वांसमोर मोडून टाकले. यिर्मयाचे पहिले उत्तर होते, ‘आमेन, असेच होवो.’ लोकांचे वाईट व्हावे अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. केवळ खोटा दिलासा देणे त्याला मान्य नव्हते. सत्तर वर्षे गाळून आपण त्याचे वचन छापतो, तेव्हा नाव यिर्मयाचे आणि संदेश हनन्याचा, असा प्रकार होतो.

पण त्याला नुसता रडका संदेष्टा ठरवणेही तितकेच चुकीचे आहे. देवाने संदेष्टा म्हणून पाचारण केले त्या वेळीच त्याला उपटणे, मोडणे, नाश करणे, पाडणे ही चार कामे सांगितली होती आणि त्यांच्यामागोमाग बांधणे व लावणे ही दोन. या दोन कामांचा अर्थ ३२व्या अध्यायात कळतो. यरुशलेमेला वेढा पडला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे आणि अशा वेळी चुलतभाऊ हनमेल त्याला अनाथोथ गावचे शेत विकत घे म्हणतो. शत्रूची फौज दाराशी असताना जमीन घेणारा माणूस आपल्याकडेही वेड्यातच काढला जाईल. यिर्मयाने १७ शेकेल चांदी तागडीत तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखताच्या दोन्ही प्रती, एक मोहोरबंद व एक उघडी, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून आपला लेखनिक बारूख याच्याकरवी मातीच्या मडक्यात ठेवायला लावल्या. एवढे करून तो प्रार्थनेला बसला, तेव्हा नगर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती चालले आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, हा पेच त्याने देवापुढेच मांडला.

१९८२ साली जुन्या यरुशलेमेच्या उत्खननात अशाच दस्तऐवजांवर लावलेल्या पन्नासावर मातीच्या मोहोरा सापडल्या. त्यांतील एकीवर शाफानाचा पुत्र गमऱ्या हे नाव आहे, आणि यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी ज्याच्या खोलीत वाचली गेली त्याचेही नाव हेच होते. वेढ्यानंतर बाबेलच्या फौजेने लावलेल्या ज्या आगीत नगर जळाले, तिच्यातच भाजून त्या टिकल्या.

चौकटीतील जागा अपुरी असते, याची मला कल्पना आहे. तरी पुढच्या वेळी हे वचन छापाल तेव्हा आधीचे १०वे वचनही घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, अहिल्यानगर