आई-बाबा, परवाच्या वादाबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो आणि कुणाचंच धड ऐकून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमचं म्हणणं, तुम्ही पहिल्यापासून स्त्रीवादी आहात, आईच्या नोकरीला कधी आडकाठी केली नाहीत. आई, तू म्हणालीस, "मी नाही बाई स्त्रीवादी, त्या बायकांना पुरुषांचा रागच असतो." मला दोघांचंही पटलं नाही.

आई, आधी तुझं. ऑफिसातल्या त्या मुलीला साहेब त्रास द्यायचे, त्या चौकशीत बाकी सगळ्यांनी हात झटकले आणि तू साक्ष दिलीस. रात्री जेवणं आटोपल्यावर तू जबाब लिहीत बसायचीस: तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं, दार उघडं होतं की लोटलेलं. त्यापायी तुझी बढती रखडली. "मी फक्त खरं ते सांगितलं," म्हणतेस. माझ्या लेखी स्त्रीवादी असणं ते हेच. बाईवरचा अन्याय तिच्या नशिबावर न ढकलणं आणि तो थांबावा म्हणून स्वतःला झळ लागली तरी मागे न हटणं. सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेने बाईच्या दुय्यमपणावर १९४९ साली अख्खा ग्रंथ लिहिला, पण स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घ्यायला १९७२ उजाडलं. समाजवाद आला की हा प्रश्न सुटेल, अशी तिची तोवर समजूत होती. तेव्हा तू ते नाव घेच, असा माझा हट्ट नाही. पण अशी चौकशी होऊ शकते, हेही 'त्या बायकां'नीच वर्षानुवर्षं भांडून मिळवलं आहे. त्यांना परकं करू नकोस.

बाबा, पुरुष स्त्रीवादी असतो, याबद्दल मला शंका नाही. १८४८ साली अमेरिकेत सेनेका फॉल्सच्या सभेत बायकांच्या मताधिकाराचा ठराव बारगळायच्या बेतात होता. गुलामीतून निसटून आलेला फ्रेडरिक डग्लस त्याच्या बाजूने उभा राहून बोलला आणि ठराव निसटत्या मतांनी तरला. त्यात त्याच्या स्वतःच्या पदरात काही पडणार नव्हतं. आईच्या नोकरीने मात्र आपल्या घराला दुसरा पगार मिळाला, आणि ती घरी आली की तिची घरकामाची दुसरी पाळी सुरू व्हायची. तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र वाचत असायचात. हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुमच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे, म्हणून लिहिते.

आणि हे सगळं नोकरदार बायकांपुरतंच असेल, तर मलाही तो स्त्रीवाद नको. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात लिहिलं होतं, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं. तिला वगळून केलेली व्याख्या काय कामाची?

आता एक काम. दादाच्या नव्या घराचा हप्ता त्याच्या आणि वहिनीच्या, दोघांच्या पगारातून जाणार आहे आणि कागदावर नाव एकट्या दादाचं. वहिनी गप्प आहे. आई, "त्यांचं ते बघतील" म्हणून सोडू नकोस. बाबा, तुमचा शब्द दादा खाली पडू देत नाही. सह्या व्हायच्या आत तुम्ही दोघं त्याच्याशी बोला, आणि काय म्हणाला ते मला कळवा.

तुमची लेक