हळदीचा दाखला कॅप्सूलला कसा चालेल?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

'हळद तर आपण पिढ्यानपिढ्या खातोय, तिच्या गोळीनं काय होणार?' हे वाक्य माझेच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत माझे आयुष्य गेले. थोरल्या बहिणीला हे मीच सांगितले होते. गुडघ्यांसाठी ती कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूल घेत होती. तिसऱ्या महिन्यात डोळे पिवळे झाले. 'काय काय औषधं चालू आहेत?' असे डॉक्टरांनी विचारल्यावर तिने बीपीची गोळी तेवढी सांगितली. कॅप्सूलची डबी फडताळातच राहिली. ते औषध थोडेच होते! पुढे डबी सापडली, कॅप्सूल बंद झाल्या आणि दोनेक महिन्यांत लिव्हरचे रिपोर्ट ताळ्यावर आले.

हिशेब मी नंतर मांडला. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. रोज 3 ग्रॅम हळद पोटात गेली तरी ते 90 मिलिग्रॅमच भरते, आणि त्यातलेही अंगी फारसे लागत नाही. बहिणीच्या एका कॅप्सूलमध्ये 95 टक्क्यांचा 500 मिलिग्रॅम अर्क होता, म्हणजे 475. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने जन्मभर रोज चालेल अशी मर्यादा ठरवली आहे ती वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅम; 60 किलोच्या माणसाला 180. शिवाय त्या कॅप्सूलमध्ये मिरीतले पिपरीन! त्याने कर्क्युमिनचे शोषण वीसपट वाढते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले. जाहिराती तो आकडा मिरवतात. यकृतावर त्याचा काय भार पडेल, याचा त्यात उल्लेखही नसतो.

इटलीत हळदीच्या अशा आहारपूरकांनंतर (सप्लिमेंट्स) कावीळ झालेले रुग्ण आढळले आणि 2022 मध्ये तिथे वेष्टनावर इशारा सक्तीचा झाला. अमेरिकेत नोंदलेल्या 10 रुग्णांपैकी एक दगावला. हे विरळाच घडते, हे मान्य. पण म्हणूनच शे-पन्नास माणसांच्या दोन-तीन महिन्यांच्या चाचणीत ते सापडत नाही. आपल्याकडे ही पूरके अन्नाच्या कायद्याखाली विकली जातात, तेव्हा निदान विक्रीनंतरच्या तक्रारींची नोंद तरी अन्न व औषध प्रशासनाने जिल्हावार ठेवावी. डॉक्टरांनीही औषधांबरोबर 'आणखी काय घेता?' हे विचारावे.

बहिणीच्या डबीवर हळकुंडाचे सुरेख चित्र आहे. 'पिपरीन' हा शब्द मला भिंग घेऊन शोधावा लागला.

आपला,
एक हळद व्यापारी, सांगली