जूनचं बुकिंग मी कॅन्सल करणार नाहीये

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर नीट बोलताच आलं नाही. बाबा, "एवढ्या पैशात महिन्याचं वाणसामान येतं, कॅन्सल कर" एवढं बोलून तुम्ही फोन आईकडे दिलात आणि आईने लगेच विषय बदलला, म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही इथे आयर्लंडला याल तेव्हासाठी केलेलं हॉटेलचं बुकिंग मी कॅन्सल करणार नाहीये. २० आणि २१ जून, दोन रात्री, पैसे भरून झालेत. आकडा सांगणार नाही, आणि दादाकडून काढून घेऊ नका, त्यालाही माहीत नाही.

तुम्हाला वाटत असेल पोरगी उधळपट्टी करतेय. तसं नाही हो. मी मे महिन्यात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तिथे जेवून आलेय, सगळं बघून मगच ठरवलंय. कॉर्क शहराहून पाऊण तासावर, चिंचोळ्या रस्त्याने जावं लागतं, दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, आणि मग एकदम एक जुनं दगडी घर, मागे भाजीचे वाफे, तेच हॉटेल. मेन्यू म्हणजे साधा एक कागद, वर त्या दिवसाची तारीख, खाली लिहिलेलं की मासे बॅलीकॉटन बंदरातले, भाजी मागच्या वाफ्यातली. बाबा, तो कागद वाचताना डोळ्यांसमोर तुम्हीच आलात. कोळणीसमोर उकिडवं बसून अंगठ्याने मासा दाबायचा, कल्ला उचलून आतला लाल रंग बघायचा, "कधीचा गं?" म्हणून विचारायचं, आणि मी पिशवी धरून मागे उभी. उत्तर पटलं नाही की रिकामी पिशवी घेऊन घरी. इथे तुम्ही विचारायच्या आधीच लिहून ठेवलंय.

आणि हे आजकालचं फॅड नाहीये. तिथून जवळच शनागॅरी म्हणून गाव आहे, तिथे मर्टल ॲलन नावाच्या बाईंनी १९६४ साली स्वतःच्या राहत्या घरात, बॅलीमलू हाऊसमध्ये, जेवणाच्या खोलीतच रेस्टॉरंट सुरू केलं. घरची शेती, बॅलीकॉटनचे मासे, आणि त्या दिवशी जे चांगलं मिळेल त्यावर मेन्यू ठरायचा. पुढे १९७५ ला मिशेलिन स्टार मिळाला, म्हणजे उत्तम जेवणासाठी रेस्टॉरंटला मिळणारा मोठा मान. २०१८ मध्ये त्या गेल्या, ९४ वर्षांच्या होऊन. आई, सुरुवात केली तेव्हा त्या चाळीस वर्षांच्या होत्या. तू डबे सुरू केलेस तेव्हा अडतीसची होतीस, मी तिथे टेबलावर बसूनच हिशोब केला. अजून काही लिहीत नाही, तुला कळेल.

जेवणाचं सांगते. आधी ब्रेड आला, गरम, वर सुरीने फुलीसारखी चीर दिलेला. यीस्ट नाही घालत, पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक, बस. ताक गं आई! आंबट वास नाकात गेला आणि मी सहावीत असताना आजारी पडले होते ना, तेव्हा तू ताकातली धिरडी करून तुकडे तुकडे भरवायचीस, ते आठवलं. इथलं लोणी पिवळंधमक असतं, गाई बाहेर गवतावर चरतात म्हणून. मग रानलसणीचं सूप, तिची पानं आपल्या लसणीच्या पातीपेक्षा बरीच रुंद, वास मात्र तोच. नंतर मासा, वरती फक्त लोणी आणि थोडी हिरवी पानं, मसाला काहीच नाही, आणि तरी मी काटे चोखून खाल्ले. गोडाला कॅराजीन. ओहोटीला खडकांवरचं शेवाळ गोळा करतात, वाळवतात, मग दुधात उकळून गाळतात की ते आपोआप घट्ट होतं. चमचा लावला की थरथरतं, अगदी खरवसासारखं. त्यात बऱ्याचदा अंडं घालतात, पण आई, तुझ्यासाठी बिनअंड्याचं करतील, विचारून ठेवलंय. सूप चिकनच्या पाण्यातलं नसेल, तेही विचारलंय. एकदा दुसऱ्या एका ठिकाणी मला व्हेज म्हणून नुसती कच्ची पानं दिली होती, त्यामुळे या वेळी मी तीनदा फोन केलाय. बाबांच्या कोळंबीचंही घाबरू नका, आयर्लंडमध्ये कायद्यानेच १४ ॲलर्जीचे पदार्थ कशात आहेत ते लिहून द्यावं लागतं. जूनमध्ये नवे बटाटे असतील आणि मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंदच.

खोली तळमजल्यावर घेतलीय, जिना नाही. चोवीस तास गरम पाणी. खोलीत किटली आहे, चहापावडर आणि आलं मी घेऊन येईन. बाथरूममध्ये तांब्या-बादली नसेल, तीही गाडीत टाकते. जेवण साडेसहाचं ठेवलंय, बाबांची वेळ फार चुकायला नको. उजेड जवळजवळ दहापर्यंत असतो, त्यामुळे रात्र झालीय असं वाटणारच नाही, जेवून हळूहळू शतपावली करता येईल.

बाबा, मागच्या ऑक्टोबरात मी आले नाही. तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत, पण दादा आयसीयूबाहेर एकटा बसला होता आणि मी इथे फोन हातात धरून. हे जेवण त्याच्या बदल्यात नाही हो, तसं मनातसुद्धा आणू नका. मला फक्त तुम्हाला दोघांना समोर बसून निवांत जेवताना बघायचंय.

आता ऐका. निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जायचंच, "मला काही होत नाहीये" चालणार नाही. इथे एकेक डिश सावकाश येते, म्हणून जेवणाआधीची गोळी नक्की कधी घ्यायची ते त्यांना विचारून कागदावर लिहून आणा. औषधं आणि प्रिस्क्रिप्शन केबिन बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. ते पिवळं लोणी बाबांना फक्त चवीपुरतं, इथे बहुतेक खारं असतं, मी बिनमिठाचं मागितलंय. स्वेटर जूनमध्येसुद्धा लागतो, आई, तो निळा आण, नवा नको घेऊस. आणि लाडू-चिवड्याने बॅग भरू नकोस (थोडा चिवडा आण).

एक राहिलंच. मी किचनमध्ये विचारलं, माझ्या वडिलांना जेवणाआधी मासा बघता येईल का. शेफ म्हणाला, दुपारी चारच्या सुमाराला बंदरातून गाडी येते, मागच्या दाराशी या. तर बाबा, २० तारखेला दुपारी झोपायचं नाही. पिशवी मी धरते.

तुमची,
छकुली