हसलो, म्हणून मोजलं नाही

मा. संपादक,

समलैंगिक पात्रं वेब सिरीजमुळे मराठीत आली, असं रविवारच्या पुरवणीतल्या लेखात म्हटलं आहे. ती आधीपासून होती. आपण त्यांना हसत होतो, म्हणून मोजलं नाही.

माझ्या पिढीने तमाशापट तंबूत बसून पाहिले. बायकी हावभाव करणाऱ्या 'नाच्या'च्या भूमिकेतल्या गणपत पाटलांचं 'आत्ता गं बया' आलं की लोक तंबू डोक्यावर घेत. बायकामुलं असलेल्या या नटाकडे पडद्याबाहेरही 'तसला' म्हणूनच पाहिलं गेलं, आणि त्यांचं नाव गावोगाव टोमणा म्हणून वापरलं गेलं. आमच्या वर्गातला एक मुलगा जरा नाजूक चालायचा. दहावीपर्यंत त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. मीही नाही.

गंभीरपणे लिहिणारेही होते. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. त्यातली कॉलेजात शिकणारी सुमित्रा एका मुलीवर जीव लावते; ती भूमिका रोहिणी हट्टंगडींची. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांनी 'उंबरठा' सिनेमात महिलाश्रमातल्या दोघींचं नातं दाखवलं. आमच्या घरी आठवडाभर स्मिता पाटीलचं कौतुक चाललं होतं. त्या दोघींबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मग 'जोगवा' (२००९) आणि लगेच १ जानेवारी २०१० ला 'नटरंग'. दोन्ही चांगलेच सिनेमे. पण 'जोगवा'तला देवीला सोडलेला, लुगडं नेसणारा तायप्पा किंवा 'नटरंग'मधला नाच्या झालेला गुणा आतून 'पुरा गडी' आहे, याची खात्री पटल्यावरच आपले डोळे पाणावले. (गुणा मुळात पैलवान, हे काही उगाच नाही.) जो तसा नाही, त्याच्यासाठी कोण रडणार होतं?

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (२००६) भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. अशी कादंबरी मराठीत लिहिली गेली. २०२२ मध्ये तिचा सिनेमा आला तो मात्र हिंदीत, आणि घडतो कोचीत! याचं मला अजून वाईट वाटतं.

लेखमालेचा पुढचा भाग तमाशापटांवर आहे, असं आपण जाहीर केलं आहे. त्यात गणपत पाटलांचा फोटो नक्की असेल. त्याखाली नुसतं 'विनोदी नट' छापू नका.

– एक जुना वाचक, कराड