पेपर मोजता, मग वाचत का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, बंद केली, जर्नल (संशोधनाचे पेपर छापणारं नियतकालिक) चांगलं की वाईट ते आता कॉलेज-विद्यापीठांनी आपापलं ठरवायचं म्हणे, आणि तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर पेपर छापून देणाऱ्यांचा नुसता सुळसुळाट झालाय. आठ दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेट फ्री, खाली क्यूआर कोड. लोक भरतात पैसे, प्रमोशनच्या फाइलला पेपर लागतात ना. अर्थात लिस्ट होती तेव्हा फार उजेड होता असंही नाही. २०१८ मध्ये पुण्यातल्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या केअरच्या आधीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ जर्नल्स तपासली तर ८८ टक्के निकषात बसेनात, त्यानंतरच केअर आली.

गोची मोजण्यातच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या भरती-प्रमोशनच्या नियमात विज्ञानाच्या पेपरला ८ पॉइंट, भाषा-सामाजिक शास्त्रांना १०, वर इम्पॅक्ट फॅक्टर बघून ३० पर्यंत वाढीव. दोन लेखक असले तर दोघांनाही ७०-७० टक्के, म्हणजे एकाच पेपरचे १४० टक्के, मग जोड्या जमणारच की! आणि इम्पॅक्ट फॅक्टर असतो जर्नलचा, आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळाली, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, त्याचा. वर्गाचा निकाल चांगला लागला म्हणून मागच्या बाकावरच्यालाही डिस्टिंक्शन द्यायचं, असला प्रकार.

मी प्रमोशनच्या कमिटीसमोर बसलोय. फाइलमध्ये प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, आयएसएसएन नंबर (जर्नलचा ओळख क्रमांक) पिवळ्या हायलायटरने रंगवलेला, साहेब नंबर बघून टिक मारत पुढं. पेपरात काय सापडलं हे कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आमच्याच कॉलेजातल्या एक मॅडम आसपासच्या गावांतल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट तपासतात, रिपोर्ट मराठीत ग्रामपंचायतीला देतात, एका गावाने त्यावरून पिण्याची विहीर बदलली. पॉइंट शून्य.

इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं काम जोखू नका हे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेल्या, संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं यावरच्या डोरा जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे निदान एवढं करा, प्रत्येकाने आपली बेस्ट तीन कामं द्यावीत, मराठी रिपोर्टसुद्धा चालावा, बाहेरच्या दोन जाणकारांनी ती आख्खी वाचून नावानिशी पानभर मत लिहावं आणि ते पान वेबसाइटवर टाकावं. वेळ लागेल, मानधन द्यावं लागेल, थोडाफार वशिलाही चालेल, आपल्याकडे तो कुठं चालत नाही. पण खाली स्वतःचं नाव येणार म्हटल्यावर रद्दी पेपरला उत्कृष्ट लिहिताना हात जरा तरी अडखळेल.

आपला,
एक प्राध्यापक, परभणी